आत्यासकट आवाज

आत्याचा पाय मोडला नसता तर पुढचं काहीच घडलं नसतं, असं भाचेसून अजूनही म्हणते. आत्याचं म्हणणं असं, की पाय मोडलाच नव्हता, घोट्याच्या हाडाला नुसती चीर गेली होती, आणि तीसुद्धा भाचेसुनेने जिन्यात ठेवलेल्या बादलीमुळे. या मुद्द्यावर त्या घरात आजवर एकमत झालेलं नाही. प्लास्टर मात्र गुडघ्यापर्यंत होतं, आणि आत्याला समोरच्या खोलीत, कोपऱ्यातल्या मोठ्या खुर्चीत आणून बसवलं होतं. आत्या जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून बसलेली बाई. डॉक्टरांनी उठायचं नाही म्हणून बजावलं, तसं तिला त्यात विशेष काही वाटलं नाही.

नेमका त्याच सुमाराला भाच्याने ॲम्प्लिफायर घरी आणला.

भाचा दिवसा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा आणि शनिवारी एका नाचाच्या हॉलमध्ये बँडबरोबर गिटार वाजवायचा. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या ॲम्पवर भागवलं होतं, हा पहिलाच स्वतःचा. जुना, व्हॉल्व्हचा. मागून डोकावलं तर पूर्वीच्या रेडिओसारखी काचेच्या नळ्यांची रांग दिसायची. चालू करायचे त्याचे सोपस्कार होते. आधी पहिला खटका दाबायचा, व्हॉल्व्ह तापून नारिंगी होईपर्यंत थांबायचं, मगच दुसरा खटका. घाई केली तर व्हॉल्व्ह लवकर मरतात. स्पीकरची वायर जोडलेली नसेल तर खटक्याला बोटही लावायचं नाही, ट्रान्सफॉर्मर जळतो. बंद करताना सगळं उलट्या क्रमाने.

"माझ्या ऑपरेशननंतरसुद्धा एवढी पथ्यं नव्हती," भाचेसून म्हणाली.

पुढे सहा बटणं होती: व्हॉल्यूम, बास, मिडल, ट्रेबल, प्रेझेन्स आणि रिव्हर्ब. भाच्याने सगळी मध्यावर ठेवली आणि एकेक करून केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवायला सुरुवात केली. भाचेसून पहिल्याच दिवशी पळून माहेरी गेली. आत्याला पळायची सोय नव्हती. ती स्पीकरच्या बरोबर समोर, तपकिरी स्वेटर घालून, पाय स्टुलावर ठेवून बसलेली. तिने या पोराला लहानपणापासून वाढवलं होतं, त्यामुळे खरं बोलायची तिला भीती नव्हती. "काच खरवडल्यासारखं लागतंय," ती म्हणायची. भाचा ट्रेबल, म्हणजे आवाजातली धार, कमी करायचा. "आता तोंडात घास घेऊन बोलतोय." भाचा मिडल वाढवायचा. असं करत करत, प्लास्टर उतरायची वेळ आली तेव्हा कुठे एक सूर असा आला की आत्या नुसतं "हं" म्हणाली. सहाही बटणांना तिचं हं मिळालं. मग तिने नेलपॉलिशची बाटली मागवली आणि प्रत्येक बटणाच्या खुणेसमोर पत्र्यावर एकेक लाल ठिपका दिला.

या ठिपक्यांबद्दल सांगायला हवं, कारण त्यावाचून या घरातलं काहीच कळायचं नाही. इस्त्रीच्या चकतीवर आत्याचा ठिपका होता, फ्रिजच्या बटणावर होता, गीझरवर होता, बाथरूमच्या नळावरही होता. आत्याने एकदा ठिपका दिला की विषय संपला. कडाक्याची थंडी पडो की अंगाची लाही होवो, गीझर ठिपक्यावरून हलायचा नाही. भाचेसून लग्न होऊन आली तेव्हा तिने एकदा इस्त्री ठिपक्याच्या पुढे नेली होती. त्या दुपारी घरात जो अबोला पडला तो तिच्या चांगला लक्षात होता.

तर प्लास्टर निघालं. आत्या काठी टेकत टेकत पाणी प्यायला आत गेली आणि बाहेर वाजवता वाजवता भाचा थांबला.

"आत्या, काय केलंस?"

"पाणी पितेय."

"आवाज उघडा पडला."

ती परत येऊन बसली. आवाज नीट झाला. उठली, बिघडला. बसली, जमला. अशा बऱ्याच उठाबशा झाल्यावर भाच्याच्या लक्षात आलं की सगळी जुळवाजुळव आत्या समोर असतानाच झाली होती. ट्रेबलचा काही भाग भिंतीवर आपटून परत यायचा, तो आत्या आपल्या अंगाने आणि तपकिरी स्वेटरने शोषून घेत होती. म्हणजे ॲम्पला बटणं सहा नव्हती, सात होती, आणि सातवं पाणी प्यायला जात होतं.

दुसऱ्या कुठल्याही घरात लोकांनी बटणं पुन्हा फिरवली असती. पण ठिपके दिलेले होते. ठिपक्यावरून बटण हलवण्यापेक्षा आत्याला खुर्चीवरून न हलवणं सगळ्यांनाच सोपं वाटलं. आत्यालासुद्धा.

मग ते अंगवळणीच पडलं. संध्याकाळी आत्या पहिला खटका दाबायची आणि स्वेटर शोधायला जायची. स्वेटर सापडेपर्यंत व्हॉल्व्ह तापलेले असायचे. मग दुसरा खटका दाबून ती बसायची. शनिवारी टेम्पोत आधी ॲम्प चढायचा, मग खुर्ची, मग आत्या. हॉलच्या स्टेजवर ती कानात कापसाचे बोळे घालून, विणकाम घेऊन बसायची, आणि भाचा तिच्या खुर्चीचे पाय खडूच्या खुणांवर आणून ठेवायचा. लोकांना वाटायचं ती बँडमध्ये आहे. एका बाईंनी मध्यंतरात येऊन विचारलं, तुम्ही काय वाजवता?

"मी बसते," आत्या म्हणाली.

बाईंनी इतक्या आदराने मान हलवली की आत्या पुढे आठवडाभर भाव खात होती.

ॲम्पची देखभालही आत्याकडेच आली. पातळ ब्रशने ती मागची धूळ काढायची, बटणं खरखरायला लागली तर फवारा मारायची, आणि व्हॉल्व्ह गरम असताना कुणी ॲम्प उचलायला गेलं की ओरडायची. वर्षातून एकदा मिस्त्री यायचा. त्याची पद्धत अशी, की ॲम्प चालू ठेवून पेन्सिलीच्या मागच्या टोकाने एकेका व्हॉल्व्हवर टकटक करायची. चांगला व्हॉल्व्ह गप्प बसतो, खराब झालेला स्पीकरमधून टणटणतो. मोठे व्हॉल्व्ह तो नेहमी जोडीनेच बदलायचा आणि मग मीटर लावून त्यांना किती करंट द्यायचा ते ठरवायचा.

एका वर्षी त्याने सगळ्या व्हॉल्व्हवर टकटक केली, सगळे गप्प होते, तरी आवाज कर्कश. त्याने विचार केला, वळला आणि आत्याच्या खांद्यावर पेन्सिलीने टकटक केली.

"बाई, वजन कमी झालंय का तुमचं?"

"तापाने पडले होते जरा."

"तरीच," मिस्त्री म्हणाला. "भरून येईपर्यंत आतून अजून एक स्वेटर घाला. आणि सोमवारपासून लोणी."

भाच्याने हे अगदी मनावर घेतलं. आत्याच्या ताटात लोणी आलं, दुधात साय आली, आणि रोज संध्याकाळी भाचा एक सूर छेडून कान देऊन ऐकायचा आणि म्हणायचा, "अजून थोडं." आत्याला हे लाड वाटायचे. लाड नेमके तिचे की ट्रेबलचे, हा प्रश्न तिने स्वतःला विचारला नव्हता.

तो विचारायची वेळ आली एका फोनमुळे. एक्स्चेंजमधली तिची जुनी मैत्रीण, शेजारच्या बोर्डवर बसणारी, आता बंदराच्या गावात राहत होती. वरच्या मजल्यावर खिडकीत बसलं की थेट बोटी दिसतात, असं ती वर्षानुवर्षं सांगत आली होती आणि आत्या वर्षानुवर्षं "येते गं" म्हणत आली होती. या वेळी मैत्रीण म्हणाली, "महिनाअखेरपर्यंत सांग. नाहीतर वरची खोली मी भाड्याने देते. आणि तुझा घोटा आता जिना चढतोय तोवर ये. नंतर बोटी खालूनच बघाव्या लागतील, आणि खालून भिंत दिसते."

आत्याला जायचं होतं. मनापासून जायचं होतं. तिने जन्मभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली होती आणि नंतर दुसऱ्याच्या गाण्यापुढे बसली होती. आता तिला एका खिडकीत, कुणाच्याही उपयोगी न पडता बसायचं होतं. रात्रीच्या जेवणाला तिने हे जमेल तितक्या सहजपणे सांगितलं. सांगताना तिने भाच्याच्या तोंडाकडे बघितलं नाही, कारण तो रडेल आणि मग आपला पाय निघणार नाही अशी तिला धास्ती होती.

भाच्याने घास खाली ठेवला.

"आणि ट्रेबलचं काय?" तो म्हणाला.

आत्याला वाईट वाटलं. इतकं वाईट वाटलं की तिने ताटातलं लोणी बाजूला सारलं. नको जाऊस म्हणाला असता, तर ती भांडली असती आणि गेली असती. आपल्याला काहीच लागलं नाही अशा थाटात तिने नुसतं सांगितलं, "त्याचं तू बघ."

दुसऱ्या दिवसापासून बदली माणूस शोधायला सुरुवात झाली. अख्ख्या गल्लीत निरोप गेले. काम सोपं होतं: बसायचं. तरी जमेना. पलीकडच्या इमारतीतल्या निवृत्त मुख्याध्यापिका आल्या. त्या इतक्या ताठ बसल्या की आवाज हजेरी दिल्यासारखा यायला लागला. बेकरीवाली बसली तर बास गडप. वर ती तालावर डोलायची, त्यामुळे ट्रेबल येत-जात राहायचा. टपालवाल्याची सासू बसली, ती बोलायची थांबेना. शेवटी भाचेसून पदर खोचून बसली. भाच्याने एक सूर छेडला आणि दुसरीकडे बघितलं, ते तिला लागलं.

या सगळ्या वेळी आत्या स्वयंपाकघरात बसून होती. आपण नसताना समोरची खोली कशी ऐकू येते, हे तिने कधी निवांत ऐकलं नव्हतं, आणि ऐकणार तरी कशी? आता भिंतीआडून एकेकीचा आवाज येत होता, पातळ, जाड, आंबट, घुसमटलेला, आणि दर वेळी भाच्याचं "नाही" ऐकलं की तिच्या जिवाला बरं वाटायचं. असं वाटून घेणं बरं नव्हे, हे तिला कळत होतं. मैत्रिणीच्या खोलीची मुदत संपत आली होती आणि कुणीतरी पसंत पडल्याशिवाय तिचा पाय उंबऱ्याबाहेर पडणार नव्हता. तरी बरं वाटायचं.

"माणसांचा नाद सोडा," भाचेसून एक दिवस वैतागून म्हणाली. "बटाट्याचं पोतं आणून बसवा."

ती चिडून बोलली होती, पण या शोधापायी बोलावलेला मिस्त्री तिथेच होता, आणि मिस्त्री चेष्टा आणि सूचना यांत फरक करत नसे. त्याने पोतं आणवलं. आत्याला आणि पोत्याला आळीपाळीने वजनकाट्यावर उभं केलं, थोडे बटाटे काढले, दोन परत टाकले, पोत्याला तपकिरी स्वेटर घातला आणि खुर्चीत बसवलं. मधोमध जरा दाबून पोक काढला. आत्या दारातून हे बघत होती.

"मी एवढी वाकून बसते?"

"याहून जास्त," मिस्त्री म्हणाला. "पण बटाट्याला तेवढं वाकता येत नाही."

भाच्याने वाजवलं. आत्याने स्वयंपाकघरात कान टवकारले. सूर बराच वेळ येत राहिला, थांबला, पुन्हा आला. भाचा नाही म्हणाला नाही. पण हं सुद्धा म्हणाला नाही.

दुसऱ्या दुपारी आत्या प्रवासाची बॅग आणायला बाजारात गेली. चांगलं चाक असलेली बॅग मिळेपर्यंत तिने अर्धा बाजार पालथा घातला. परत येते तर भाचा दारातच उभा, तोंड भरून हसत.

"जमलं," तो म्हणाला. "तंतोतंत. तू बसल्यासारखं. आता तू खुशाल जा."

"अगदी सेम, आत्या," भाचेसून म्हणाली. "मी डोळे मिटून ऐकलं. फक्त कोंब आले की बटाटे बदलायचे. आणि भाजीला त्यातले घ्यायचे नाहीत."

"बरं झालं," आत्या म्हणाली आणि बॅग घेऊन आत गेली. हवं ते पदरात पडलं होतं. आता अडवणारं कुणी नव्हतं. तिने खिडकीला आणि बोटींना आठवून बघितलं, पण डोळ्यांपुढे पोतंच येत होतं. इतकी वर्षं खुर्ची धरून बसलो, आणि आपल्या जागी काय पुरतं, तर बटाटे. तेही चार दिवसांनी बदलता येण्यासारखे.

निघायच्या दिवशी सकाळी टॅक्सी यायला अवकाश होता. बॅग दाराशी होती, भाचेसून डबा भरत होती. आत्याला रिकामं बसवेना म्हणून तिने सवयीने पातळ ब्रश घेतला आणि ॲम्पची धूळ काढायला लागली. मागची बाजू झाली, जाळी झाली, पुढे आली. व्हॉल्यूमची खूण ठिपक्यावर नव्हती.

"कार्टं," ती पुटपुटली आणि बटण ठिपक्यावर आणलं. बास पण सरकलेला. तोही आणला. मिडलला हात घातला, तर मिडलही नव्हता ठिपक्यावर.

तिचा हात तिथेच राहिला. ट्रेबल नव्हता. प्रेझेन्स नव्हता. रिव्हर्ब तर ठिपक्यापासून पार लांब गेलेला. या घरात गीझर हलत नव्हता, इस्त्री हलत नव्हती, आणि इथे एकही बटण जागेवर नव्हतं. खुर्चीत पोतं तिचा स्वेटर घालून मान खाली घालून बसलं होतं.

भाचा टॅक्सी बघायला बाहेर निघाला होता. तिने हाक मारली. त्याने आधी तिच्याकडे बघितलं, मग बटणांकडे, आणि त्याचे कान लाल झाले. लहानपणी चोरून साखर खाल्ली की व्हायचे तसे.

"नुसत्या पोत्याने नाही जमलं," तो म्हणाला.

"सगळी हलवलीस?"

"सगळी. तू बॅग आणायला गेलीस ती अख्खी दुपार गेली. मिडल तर मला अजून पटलेला नाही."

"मग पोतं माझ्यासारखं लागतंय म्हणून काय सांगत होतास?"

"नाही सांगितलं असतं तर तू राहिली असतीस," भाचा म्हणाला. "आणि ती खोली गेली असती."

आत्याला यावर काही बोलायचं होतं, पण त्याआधी एक अडचण होती. दोन बटणं तिने परत ठिपक्यावर आणून ठेवली होती, आणि ती कुठे होती हे आता कुणालाच ठाऊक नव्हतं.

"गिटार घे," ती म्हणाली.

तिने पहिला खटका दाबला. आज स्वेटर शोधायचा नव्हता, तो पोत्याच्या अंगात होता, त्यामुळे व्हॉल्व्ह नारिंगी होईपर्यंत दोघं नुसती उभी राहिली. मग तिने दुसरा खटका दाबला. भाच्याने सूर छेडला. खुर्चीत बटाटे, गिटारपाशी भाचा, आणि आत्या ॲम्पच्या बाजूला वाकून, ज्या जागी ती वाजवणं चालू असताना कधी उभी राहिली नव्हती. तिने व्हॉल्यूम केसभर वर नेला.

"जास्त झालं," भाचा म्हणाला.

तिने मागे आणला. बास फिरवला. भाचा डोळे मिटून वाजवत होता आणि मान नाही नाही करत होती. बाहेर टॅक्सीने हॉर्न दिला. भाचेसुनेने खिडकीतून ड्रायव्हरला ओरडून सांगितलं की आत्या अजून लागत नाहीये, थांबा.

"मिडल पण दे जरासा," भाचा म्हणाला.

तिने दिला.

"हं," तो म्हणाला.

आत्याने पर्स उघडली. लाल बाटली कधीच संपली होती, आता जांभळी होती. भाचा गिटार धरून उभा राहिला आणि तिने सहाही बटणांच्या नव्या जागांवर सावकाश एकेक ठिपका दिला. मग जुने लाल ठिपके खरवडायला तिने नख पुढे केलं. एका बटणाला दोन ठिपके, असला गोंधळ तिच्या घरात चालत नसे.

भाच्याने तिचा हात धरला.

"ते राहू दे," तो म्हणाला. "तू आलीस की ते लागतील."

आत्याने त्याच्याकडे बघितलं, मग लाल-जांभळ्या ठिपक्यांकडे, आणि ओल्या नेलपॉलिशवर फुंकर मारली. मग तिने दुसरा खटका बंद केला, त्यानंतर पहिला, आणि वायर नीट गुंडाळून ठेवली.

"येईन तेव्हा आधी ते पोतं उठवून ठेव," ती म्हणाली आणि बॅग घेऊन जिना उतरायला लागली.